मरण खिशात घेऊन फिरणारा फेला

पहिल्यांदा फेला कुटीचं गाणं लावलं तेव्हा मला वाटलं की फाइलच खराब आहे. दोन मिनिटं झाली, पाच मिनिटं झाली, नुसता ड्रम, गिटार आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा धुमाकूळ. गायकाचा पत्ताच नाही! गाणं पुढे सरकवणार इतक्यात रूममेटने पांघरुणातूनच दम दिला की हात लावू नकोस, येईल तो. आणि खरंच आला, सात-आठ मिनिटांनी. तोपर्यंत माझा पाय आपोआप ताल धरून बसला होता आणि दुसऱ्या दिवशीचं सबमिशन बाजूला पडलं होतं.

हा बाबा आहे तरी कोण म्हणून शोधायला गेलो, तर जे सापडलं ते गाण्यापेक्षा बरंच अवघड निघालं. एका गाण्याच्या रागापायी ज्याच्या घरावर हजारभर सैनिक चालून गेले, असा दुसरा गायक मला तरी माहीत नाही. त्या माणसाची ही गोष्ट. सगळीच कौतुकाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नायजेरियात लागोसच्या उत्तरेला अबेओकुटा नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच खडकाखालचं गाव. तिथे १५ ऑक्टोबर १९३८ रोजी फेलाचा जन्म झाला. पूर्ण नाव ओलुफेला ओलुसेगुन ओलुडोटुन रॅन्सम-कुटी. घराणं योरुबा, पण पक्कं ख्रिस्ती आणि इंग्रजी शिकलेलं. आजोबा जोसाया हे पाद्री, आणि योरुबा भाषेत भजनं रचून गाणारे. १९२५ साली लंडनला जाऊन त्यांनी ग्रामोफोनसाठी आपली भजनं रेकॉर्ड केली होती! वडील इझ्राएल हेही पाद्री, शिवाय अबेओकुटा ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक आणि नायजेरियातल्या शिक्षक संघटनेचे पहिले अध्यक्ष. घरात पियानो होता, शिस्त होती आणि छडीही होती. मुख्याध्यापकांच्या पोराला दोन ठिकाणी मार बसतो, घरी आणि शाळेत. ज्यांचे आईवडील शिक्षक आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण या घरातलं खरं वादळ म्हणजे आई, फुनमिलायो रॅन्सम-कुटी. बाई १९०० साली जन्मलेल्या, इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या शिक्षिका. सुरुवातीला गावातल्या सुशिक्षित बायकांचा एक क्लब चालवायच्या. मग बाजारात बसणाऱ्या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. त्यांना लिहायला वाचायला शिकवता शिकवता फुनमिलायोबाईंना कळलं की खरा प्रश्न अक्षरांचा नाहीये, कराचा आहे. इंग्रज सरकार गावच्या राजामार्फत, म्हणजे अलाके यांच्यामार्फत, बायकांकडून वेगळा कर वसूल करत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाईंच्या अबेओकुटा महिला संघाने राजवाड्यासमोर हजारो बायकांना बसवलं. रात्रंदिवस गाणी म्हणत, राजाची टिंगल करत त्या बसून राहिल्या. शेवटी १९४९ च्या जानेवारीत राजाला गादी सोडून जावं लागलं. फेला तेव्हा दहा वर्षांचा होता. टिंगलीचं गाणं हे सत्तेविरुद्ध चालणारं हत्यार आहे, हे त्याने असं घराच्या अंगणातूनच पाहिलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

भावंडं चार. थोरली बहीण डोलुपो, मग ओलिकोये, मग फेला, आणि धाकटा बेको. ओलिकोये पुढे बालरोगतज्ज्ञ झाले आणि देशाचे आरोग्यमंत्रीही. बेकोही डॉक्टर, आणि मानवी हक्कांसाठी तुरुंग भोगणारा. १९८६ चं साहित्याचं नोबेल मिळवणारे वोले सोयिंका हे यांच्या नात्यातलेच. थोडक्यात काय, तर घरातली सगळी मार्कवाली माणसं. फेलालाही १९५८ साली लंडनला पाठवलं ते डॉक्टर व्हायलाच. तिकडे पोहोचल्यावर पठ्ठ्याने नाव घातलं ते ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये! (आपल्यातल्या किती जणांना ब्रँच बदलताना एवढी हिंमत झाली असती, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.) वडील १९५५ लाच गेले होते.

लंडनमध्ये दिवसा तो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकायचा आणि रात्री क्लबांत जॅझ ऐकायचा. हातात ट्रम्पेट. आफ्रिकन आणि कॅरिबियन पोरं जमवून त्याने कूला लोबिटोस नावाचा बँड काढला. रेमी टेलरशी लग्न केलं. येनी, फेमी आणि सोला ही त्यांची मुलं. १९६३ ला मायदेशी परतला तेव्हा नायजेरिया स्वतंत्र होऊन तीनच वर्षं झाली होती. तिथल्या सरकारी रेडिओत निर्मात्याची नोकरी लागली, पण लक्ष सगळं बँडकडे. अशी नोकरी किती टिकणार!

त्या काळात पश्चिम आफ्रिकेत नाचाला हायलाइफ नावाचं संगीत चालायचं. गोड, हलकंफुलकं, लग्नसमारंभात शोभेल असं. फेला त्यात जॅझ मिसळायचा आणि लोक कंटाळून बसून राहायचे. नाचायला आलेल्या माणसाला डोकं खाजवायला लावलं तर दुसरं काय होणार? त्यातच सिएरा लिओनचा जेराल्डो पिनो लागोसला आला आणि जेम्स ब्राऊनच्या अमेरिकन सोल संगीताची नक्कल करत त्याने सगळं शहर खिशात घातलं. फेलाला हा मोठाच धक्का होता. आपलं असं काही हवं, आणि त्याला नावही आपलं हवं, हे त्याने तेव्हा ठरवलं. 'आफ्रोबीट' हा शब्द त्याने घानाच्या दौऱ्यावर असताना १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढला. गंमत म्हणजे नाव आधी आलं, संगीत नंतर.

संगीत येण्यासाठी दोन माणसं लागली. त्यांतला एक टोनी ॲलन. हा लागोसच्या रेडिओ स्टेशनवर तांत्रिक काम करणारा पोरगा. अठराव्या वर्षी स्वतःच्या स्वतः ड्रम शिकला. म्हणजे आपल्याच जातकुळीतला! त्याच्या दोन हातांचं आणि दोन पायांचं चार वेगवेगळं काम चालायचं आणि तरीही सगळं एकमेकांत बसायचं. कुठेही आदळआपट नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तो फेलाबरोबर होता. टोनी ॲलन नसता तर आफ्रोबीट झालंच नसतं, असं फेला स्वतःच मान्य करायचा.

दुसरी व्यक्ती म्हणजे सँड्रा स्मिथ, जी पुढे सँड्रा इझिडोर म्हणून ओळखली गेली. १९६९ साली फेला बँड घेऊन अमेरिकेला गेला. दौरा फसला, पैसे संपले, व्हिसाही संपला. लॉस एंजेलिसमध्ये लपतछपत दिवस काढताना ही मुलगी भेटली. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतली, ब्लॅक पँथर मंडळींत वावरलेली. तिने त्याच्या हातात माल्कम एक्सचं आत्मचरित्र दिलं. तिला वाटत होतं की आफ्रिकेतून आलेला माणूस आपल्याला आफ्रिका शिकवेल. झालं उलटंच! अमेरिकेतली मुलगी त्याला सांगत होती की तुझा इतिहास काय आहे, आणि तू प्रेमाची आणि सूपची गाणी का गातोस. तिशी गाठलेल्या माणसाला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. पण त्याने ऐकलं. १९७० ला तो परतला तो वेगळाच माणूस होऊन. बँडचं नाव आधी नायजेरिया ७०, मग आफ्रिका ७० झालं.

आता त्या संगीताबद्दल थोडं, कारण नुसती भांडणंच सांगितली तर अर्धाच फेला कळेल. एका गाण्यात तीन-चार गिटार, पण प्रत्येक गिटारवाला एकच छोटा तुकडा पंधरा मिनिटं न थकता वाजवणार. एकाचा तुकडा जिथे संपतो तिथल्या फटीत दुसऱ्याचा बसतो. त्याखाली बास, त्याखाली टोनीचा ड्रम, बाजूला काँगा आणि मण्यांच्या जाळीत गुंडाळलेला भोपळा, म्हणजे शेकेरे. हे सगळं यंत्रासारखं सुरू झालं की वरून ब्रासची फौज कोसळते. मग फेलाचा ऑर्गन किंवा सॅक्सोफोन. हा सॅक्सोफोनही त्याने हट्टाने शिकला. १९७३ साली बँडचा सॅक्सोफोनवाला इगो चिको भांडून निघून गेला, तेव्हा दुसरा माणूस शोधण्याऐवजी याने स्वतःच वाद्य उचललं. आणि सगळ्यात शेवटी गाणं. तो एक ओळ म्हणणार, मागच्या बायका उत्तर देणार. कोरसची ही पद्धत जुनीच, पण शब्द मात्र रोजच्या पेपरमधले.

भाषा कुठली वापरायची हाही त्याने नीट विचार केलेला मुद्दा होता. नायजेरियात शेकडो भाषा. योरुबात गायलं तर इग्बो आणि हौसा लोकांना कळणार नाही. म्हणून त्याने बाजारातली, बसस्टँडवरची मोडकीतोडकी इंग्रजी, म्हणजे पिजिन, उचलली. शिकलेले लोक तिला नाकं मुरडत. पण त्याच भाषेमुळे तो घाना, सिएरा लिओनपर्यंत सगळीकडे कळू लागला. आणखी एक विचित्र नियम होता त्याचा. एकदा गाणं रेकॉर्ड झालं की ते कार्यक्रमात वाजवायचं नाही. लोक तिकीट काढून हिट गाणी ऐकायला यायचे आणि हा तासतासभर नवीनच काहीतरी वाजवत राहायचा! तरी गर्दी हटत नसे.

लागोसच्या एंपायर हॉटेलात त्याचा क्लब होता, नाव आफ्रिका श्राइन, म्हणजे देवस्थानच. तिथे एक रात्र खास सरकारची उणीदुणी काढायला राखून ठेवलेली असे, तिला 'याबिस' म्हणत. जवळच त्याचं घर, जिथे बँडवाले, नाचणाऱ्या मुली, घरातून पळालेली पोरं अशी शंभरएक माणसं राहायची. त्याने ते घर म्हणजे स्वतंत्र देश असल्याचं जाहीर केलं आणि नाव ठेवलं कालाकुटा रिपब्लिक. हे नाव वाचून आपल्याला समुद्रमंथनातलं कालकूट आठवतं. पण भानगड वेगळी आहे, आणि तीही भारताशी जोडलेलीच. पोलिसांनी त्याला एकदा ज्या कोठडीत डांबलं होतं तिला कैद्यांनी कालाकुटा असं नाव दिलं होतं, आणि त्या नावाचं मूळ म्हणजे इंग्रजांच्या इतिहासातली कलकत्त्याची काळकोठडी! कुठलं कलकत्ता आणि कुठलं लागोस. साम्राज्याच्या क्रमिक पुस्तकांनी गोष्टी कुठच्या कुठे नेऊन पोहोचवल्या बघा.

याच सुमारास, १९७५ च्या आसपास, त्याने रॅन्सम हे इंग्रजी आडनाव टाकून दिलं आणि अनिकुलापो घेतलं. योरुबात अर्थ होतो, ज्याने मरण आपल्या पिशवीत ठेवलं आहे तो. देवधर्मही बदलला. पाद्र्याचा नातू योरुबा देवतांसमोर उभा राहिला.

बाहेरच्या बड्या मंडळींचंही लक्ष त्याच्याकडे होतं. क्रीम बँडचा ड्रमर जिंजर बेकर लागोसला येऊन त्याच्याबरोबर वाजवून गेला. १९७३ साली पॉल मॅकार्टनी लागोसला रेकॉर्डिंगसाठी आला, तेव्हा हा आमचं संगीत चोरायला आलाय असा फेलाचा पक्का समज झाला. तो थेट स्टुडिओत जाऊन थडकला. मॅकार्टनीने टेप लावून ऐकवल्या, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली.

पोलिसांशी मात्र शांतता नव्हतीच. गांजा तो उघडपणे ओढायचा, लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. नायजेरियाच्या कायद्यात गांजाचं नाव 'इंडियन हेम्प' आहे, म्हणजे इथेही आपण आहोतच! १९७४ साली पोलीस घरी आले आणि, फेलाच्या म्हणण्याप्रमाणे, पुरावा म्हणून स्वतःच आणलेली एक गांजाची विडी त्याच्यापुढे धरली. याने ती खेचून गिळून टाकली. आता पुरावा पोटात! पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवलं आणि पुरावा नैसर्गिक मार्गाने बाहेर येण्याची वाट बघत बसले. फेलाने बरोबरच्या कैद्यांच्या मदतीने दुसऱ्याचाच नमुना पुढे केला. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आला आणि तो सुटला. १९७५ ला त्याने या सगळ्या प्रकारावर अख्खी रेकॉर्ड काढली, नाव 'एक्स्पेन्सिव्ह शिट'. सरकारी खर्चाने तपासलेली, म्हणून महागडी. हॉस्टेलवर ही गोष्ट मी किमान वीस जणांना सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी हशा पिकला आहे.

यापुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

१९७६ साली 'झोम्बी' आलं. विषय साधा आहे. सैनिक म्हणजे हुकमाशिवाय न हलणारं चालतं प्रेत. थांब म्हटलं की थांबतो, मार म्हटलं की मारतो. कवायतीच्या हुकमांवर रचलेलं हे गाणं इतकं पसरलं की रस्त्यावरची पोरं सैनिक दिसला की त्याच्यासमोर तशी कवायत करू लागली. तेव्हा देशात लष्करी राजवट होती आणि प्रमुख होते जनरल ओलुसेगुन ओबासांजो. तेही अबेओकुटाचेच! १९७७ च्या सुरुवातीला तेलाच्या पैशावर लागोसमध्ये फेस्टॅक नावाचा प्रचंड आफ्रिकी कला महोत्सव भरवला गेला. फेलाने त्यावर बहिष्कार टाकला आणि महिनाभर आपल्या श्राइनमध्ये सरकारवर कोरडे ओढत राहिला. परदेशातून आलेले कलावंत संध्याकाळी त्याच्याकडेच जायचे. सरकारची अशी शोभा झाली. १२ फेब्रुवारीला महोत्सव संपला, पाहुणे गेले.

१८ फेब्रुवारी १९७७. जवळच्या अबाल्टी बराकींतून सुमारे हजार सैनिकांनी येऊन कालाकुटाला वेढा घातला. मग ते आत घुसले. पुरुषांना मारहाण, बायकांवर अत्याचार. फेलाला इतकं मारलं की डोकं फुटलं, हाडं मोडली. घर पेटवून दिलं. वाद्यं, रेकॉर्डिंगच्या टेपा, सगळं गेलं. त्याच आवारात बेकोचा गोरगरिबांसाठीचा दवाखाना होता, तोही जळाला. आणि फुनमिलायोबाई, वय शहात्तर, ज्यांनी एका राजाला गादीवरून उतरवलं होतं, त्यांना सैनिकांनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं.

त्या त्यातून उठल्याच नाहीत. १३ एप्रिल १९७८ रोजी गेल्या.

सरकारने चौकशी नेमली. निष्कर्ष काय, तर हे काम कुणा अज्ञात सैनिकाचं. हजार माणसं आली होती, दिवसाढवळ्या! फेलाने अडीच कोटी नायराची नुकसानभरपाई मागितली, ती कोर्टाने फेटाळली. मग त्याने जे त्याला येत होतं तेच केलं. 'अननोन सोल्जर' नावाचं अर्ध्या तासाचं गाणं केलं, त्यात त्या दिवसाचं सगळं वर्णन आहे. आणि १९७९ साली ओबासांजो सत्ता सोडण्याच्या बेतात असताना आईच्या नावाची शवपेटी घेऊन तो आपल्या माणसांसह लष्करी मुख्यालयात, डोडन बराकींवर, गेला आणि ती फाटकाशी ठेवून आला. यावरही त्याने गाणं केलं. मी ते दोन-तीनदाच ऐकलं आहे. चाल संथ आहे, आवाजात राग कमी आणि थकवा जास्त. रात्री एकटं असताना ऐकवत नाही.

इथे एक गोष्ट लिहिणं भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसतं आरतीचं ताट होईल. हल्ल्याला वर्ष झालं तेव्हा, फेब्रुवारी १९७८ मध्ये, फेलाने एकाच समारंभात सत्तावीस बायकांशी लग्न केलं. बहुतेक त्याच्याच बँडमधल्या गायिका आणि नर्तिका. त्याच्या बाजूने सांगणारे म्हणतात की या मुलींना पेपरवाले वाटेल ते म्हणत होते, घरच्यांनी टाकलं होतं, हल्ल्यात त्यांनी सोसलं होतं, त्यांना त्याने नाव दिलं. यात तथ्य असेलही. पण घरात त्याचाच हुकूम चालायचा, आणि बाईने पुरुषाच्या बरोबरीने वागू नये असं तो उघड गायचा, १९७२ च्या 'लेडी' गाण्यात तर थेटच. ज्याच्या आईने हजारो बायकांना राजवाड्यासमोर बसवलं त्याच्या तोंडी हे! मला याचा मेळ लागलेला नाही. १९८६ ला तुरुंगातून सुटल्यावर त्याने या लग्नांतून अंग काढून घेतलं, कोणी कुणाचं मालक नसतं या कारणाने. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणायचं.

पैशाच्या बाबतीतही तो काही संत नव्हता. १९७८ ला बर्लिनच्या जॅझ महोत्सवात प्रचंड लवाजमा घेऊन तो वाजवायला गेला. वादकांत कुजबुज झाली की मिळालेली बिदागी हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर उडवणार. कित्येक जण सोडून गेले आणि त्यानंतर टोनी ॲलननेही राम राम ठोकला. पंधराएक वर्षांची जोडी फुटली. आफ्रिका ७० संपला आणि इजिप्त ८० नावाचा नवा बँड उभा राहिला. संगीत लांबलचक आणि जड झालं. काहींना हाच काळ जास्त आवडतो. मला विचाराल तर ॲलनची जागा भरली नाही.

निवडणुकीचं काय झालं? त्याने मूव्हमेंट ऑफ द पीपल नावाचा पक्ष काढला, पण १९७९ ला त्याला मान्यताच मिळाली नाही. पुढे तो घानाच्या एका जादूगाराच्या नादी लागला, ज्याचं नाव होतं प्रोफेसर हिंदू. (नावापलीकडे आपला त्याचा संबंध नाही!) आईच्या आत्म्याशी बोलणं होतं असं त्याला वाटायचं. मित्र हसायचे. पण आईला तशा पद्धतीने गमावलेल्या माणसाला हसावं की नाही, हे मला ठरवता येत नाही.

१९८३ च्या शेवटच्या दिवशी पुन्हा लष्करी उठाव झाला आणि जनरल मुहम्मदु बुहारी आले. सप्टेंबर १९८४ मध्ये फेला अमेरिकेच्या दौऱ्यासाठी विमानतळावर पोहोचला, तर परकीय चलन बाळगल्याच्या आरोपावरून त्याला उचललं. रक्कम सोळाशे पौंड. एवढी मोठी फौज घेऊन निघालेल्या माणसाकडे ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च! पाच वर्षांची शिक्षा झाली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याला सदसद्विवेकबुद्धीचा कैदी जाहीर केलं. तो आत असताना रेकॉर्ड कंपनीने त्याच्या 'आर्मी अरेंजमेंट'ची न्यूयॉर्कमध्ये दुरुस्ती करून टाकली, जी ऐकून त्याला म्हणे तुरुंगापेक्षा जास्त त्रास झाला. सरकार बदलल्यावर एप्रिल १९८६ मध्ये, वीसेक महिने काढून तो सुटला.

बाहेर आल्यावर काही वर्षं तो पुन्हा जोरात होता. 'टीचर डोन्ट टीच मी नॉन्सेन्स' याच काळातलं. आपल्या स्टाफनेही ऐकायला हरकत नाही, शिक्षकांपेक्षा सरकारलाच जास्त शिव्या आहेत त्यात. १९८९ च्या 'बीस्ट्स ऑफ नो नेशन'च्या मुखपृष्ठावर थॅचर, रेगन आणि दक्षिण आफ्रिकेचे बोथा शिंगं-दात लावून उभे आहेत. ही चित्रं काढणारा लेमी घारिओकू हाही एक अवलियाच, फेलाची सव्वीस मुखपृष्ठं त्याची. पण १९९० नंतर रेकॉर्ड थांबत गेल्या. १९९२ ची 'अंडरग्राउंड सिस्टम' ही शेवटची. श्राइनमध्ये तो वाजवत होता, पण वजन उतरत चाललं होतं, अंगावर व्रण दिसत होते. घरात दोन-दोन डॉक्टर भाऊ, आणि हा डॉक्टरांना शिवू देईना. पाश्चात्त्य औषध नको, तपासणी नको. एड्स हा गोऱ्यांनी उठवलेला बागुलबुवा आहे असं तो म्हणत राहिला.

२ ऑगस्ट १९९७ रोजी तो गेला. वय अठ्ठावन्न. बेको तेव्हा जनरल अबाचांच्या तुरुंगात होता. दुसऱ्या दिवशी ओलिकोये पत्रकारांसमोर आले. आरोग्यमंत्री असताना याच माणसाने एड्सबद्दल देशाला बजावून सांगण्यात कितीतरी शक्ती खर्च केली होती. मनात आणलं असतं तर हृदयविकार म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. देशातल्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या घरच्यांनी तेव्हा तेच केलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं की माझा भाऊ एड्सने गेला. नायजेरियात हा शब्द एखाद्या नामवंताच्या नावापुढे इतक्या उघडपणे त्याआधी आला नव्हता. फेलाच्या सगळ्या गाण्यांइतकीच धीट ही पत्रकार परिषद होती असं माझं मत आहे.

१२ ऑगस्टला अंत्ययात्रा निघाली. आदल्या दिवशी तफावा बलेवा चौकात काचेच्या पेटीत त्याला ठेवलं होतं. दहा लाखांवर माणसं आली. लष्करी राजवटीत, ज्याने जन्मभर लष्कराला शिव्या घातल्या त्याच्यासाठी! चौकातून इकेजाच्या घरापर्यंत जायला मिरवणुकीला कित्येक तास लागले. तिथल्या कालाकुटाच्या अंगणात त्याला पुरलं.

ओबासांजो १९९९ ला निवडून येऊन पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, बुहारीही २०१५ ला झाले. फेलाच्या घराचं २०१२ ला संग्रहालय झालं. २००९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याच्या आयुष्यावरचं संगीतनाटक लागलं. टोनी ॲलन २०२० ला पॅरिसमध्ये वारला. २००० साली येनी आणि फेमीने इकेजात नवीन आफ्रिका श्राइन उघडलं. धाकटा मुलगा शेऊन वडील गेले तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या वयात त्याने इजिप्त ८० हातात घेतला. बँडमधले कितीतरी जण त्याच्या वडिलांच्या वयाचे होते. कार्यक्रमाची सुरुवात तो वडिलांच्या गाण्याने करत आला आहे, आणि गायला सुरुवात करण्याची घाई त्यालाही नसते.